मावशीची बस आता कुठं थांबते?

27 फेब्रुवारी 2025 ला मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं इंदूरची बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, काढून टाकायला परवानगी दिली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी झाली. दादानं फटाके फोडणारे इमोजी टाकले. कुणीतरी हिशेब मांडला, की आता भंवरकुआँहून पलासियाला दहा मिनिटांत पोचणार. मावशीनं फक्त एवढंच विचारलं, "मग आयबस कुठं थांबणार?" (आयबस म्हणजे त्या मार्गिकेतून धावणारी बस.) तिला कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही दिलं, कारण मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर महिनाही झाला नसेल, 22 मार्चला इथं आमच्या गावात गोल्ड लाइन सुरू झाली. आमचं गाव म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं वुडबरी, सेंट पॉल शहराचं उपनगर. गोल्ड लाइन म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, बीआरटीच. सोळा किलोमीटर, सोळा स्टेशनं आणि बहुतेक वाट बसची स्वतःची. मला राहवलं नाही, फोटो टाकला. खाली लिहिलं, "तुम्ही काढताय, हे घालतायत."

दादाचं उत्तर मिनिटभरात आलं. "तुमच्याकडे रस्ते रुंद, माणसं मोजकी. संध्याकाळी सातला विजयनगर चौकात येऊन उभी राहा, मग बोल. तिकडे बसून शहाणपण शिकवणं सोपं असतं बाई."

हे वाक्य परदेशात राहणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं असतं आणि अर्ध्याअधिक वेळा ते खरंही असतं. दादाचं गाऱ्हाणं खोटं नाही. 2013 च्या मे महिन्यात निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी साडेअकरा किलोमीटरची मार्गिका सुरू झाली, ती एबी रोडच्या मधोमध रेलिंग ठोकून. स्टेशनं रस्त्याच्या पोटात, म्हणजे बस पकडायची तर आधी गाड्यांचा लोंढा ओलांडा. कारवाल्याला शेजारची रिकामी मार्गिका रोज दिसायची आणि बस गेल्यावर ती पुन्हा रिकामी व्हायची. बसमध्ये पन्नास माणसं बसून गेली हे त्याला दिसत नसे. शिवाय ती एकच वाट होती. सदऱ्याची एक बाही झकास शिवली आणि बाकी सदरा शिवायचाच राहिला. भोपाळनं आपली बीआरटीएस वर्षभर आधीच उखडली होती, आपणही तेच केलं. तेही झटक्यात नाही, रेलिंग काढायचं काम महिनोन्महिने रेंगाळलं.

पण रेलिंग ठेवायचं की काढायचं, आणि मेट्रो पुलावरून की खजराण्यापासूनच भुयारी, या वादांत आपण इतके रमलोय की बस चालवायची कुणी, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. इंदूरचं खरं नुकसान 2025 मध्ये झालं नाही. ते 2005 मध्ये झालं, राज्यानं आपलं परिवहन महामंडळ गुंडाळायचं ठरवलं तेव्हा.

आम्ही त्याला रोडवेज म्हणायचो. बाबांची बदली खरगोनला होती. शनिवारी संध्याकाळी आई आम्हाला घेऊन सरवटे स्टँडवर जायची. (तात्या सरवटे संविधान सभेत मध्य भारताचे प्रतिनिधी होते, हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं. लहानपणी सरवटे म्हणजे डिझेलचा वास आणि शेंगदाण्याची पुडी.) रोडवेजच्या बसच्या खिडक्या खिळखिळ्या, सीटमधून काथ्या बाहेर. पण भिंतीवर रंगानं वेळा लिहिलेल्या असत आणि बस भरो न भरो, साधारण त्या वेळेला सुटे. पुढं खासगी बस आल्या. त्या दिसायला चकाचक, पण कंडक्टर दारात लटकून "खरगोन खरगोन खरगोन" ओरडतो आणि शेवटची सीट भरेपर्यंत ड्रायव्हर चहा पितो. धुळ्याला आत्याकडे जाताना बिजासन घाट उतरला की समोरून महाराष्ट्राची एस.टी. दिसायची. आई दरवेळी म्हणायची, "बघ, हिच्यात चारच माणसं आहेत, तरी निघाली." तेव्हा मला त्यात विशेष काही वाटत नसे. आता वाटतं, सगळं वाहतूक नियोजन आईच्या त्या वाक्यात आलं.

कारण चार माणसं घेऊन निघणं कुणाला परवडतं? ज्या बसमालकाची कमाई नुसत्या तिकिटावर असते, तो भरल्याशिवाय सुटणार नाही, दुपारची फेरी गाळणार आणि रात्री साडेनऊची शेवटची तर नक्कीच गाळणार. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. त्याला किलोमीटरमागे ठरलेले पैसे द्या, तिकिटाचा गल्ला सरकारकडे जाऊ द्या, मग तो रिकामी बसही घड्याळाप्रमाणे नेईल. मात्र मग फरक कुणीतरी भरायला हवा, आणि एकदाच फीत कापताना नाही, दरवर्षी.

इथं तो फरक मी भरते. परवा बाथरूमच्या नळाचं वायसर आणि दोन बल्ब आणले, त्यावरच्या विक्रीकरात पाऊण टक्का वाहतुकीचा आहे. 2023 मध्ये राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून तो या महानगराच्या सात काउंट्यांना, म्हणजे जिल्ह्यांना, लावला आणि त्यातला मोठा वाटा थेट मेट्रोपॉलिटन कौन्सिलकडे, म्हणजे बस चालवणाऱ्या प्रादेशिक मंडळाकडे जातो. किराण्यावर आणि कपड्यांवर इथं विक्रीकर नाही. त्यामुळे उणे वीस अंशांत लागणारा जाडजूड कोट करमुक्त आणि बसचा भार बल्बवर, हा विनोद आम्ही मराठी मंडळी दर हिवाळ्यात एकमेकांना ऐकवतो. दोन डॉलरच्या तिकिटात बसचा खर्च निघत नाही हे इथं सगळ्यांना माहीत आहे. निघावा अशी अपेक्षाही नाही.

आणि बस थांब्याच्या खांबाला मी एकदा कागद डकवलेला पाहिला. थांबा पुढच्या चौकापलीकडे सरकवायचा विचार आहे, हरकत असेल तर अमुक तारखेपर्यंत या नंबरवर कळवा. एवढंच. मी तो कागद उगाच दोनदा वाचला.

आता दादा म्हणेल, झालं हिचं सुरू. म्हणून इथलंही सांगते. माझ्या घरापासून गोल्ड लाइनचं स्टेशन तीन किलोमीटरवर आहे आणि तिथं जायला बस नाही. मी कार काढते, स्टेशनवर लावते, मग पर्यावरण वाचवायला निघते. मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येला जाणाऱ्या लाइट रेलचं, म्हणजे ट्रामसारख्या शहरी रेल्वेचं, काम 2018 च्या अखेरीला सुरू झालं, गाडी धावायची म्हणतात 2027 मध्ये. 23 किलोमीटरचा खर्च तीन अब्ज डॉलरच्या घरात गेलाय. विधिमंडळाच्या लेखापरीक्षकानं जाहीर अहवालात मंडळाची खरडपट्टी काढली. खरडपट्टीनं रूळ लवकर पडले नाहीत, पण पैसे कुठं गेले हे माझ्यासारखीला घरबसल्या वाचता आलं.

त्याहून मोठी चूक जुनी आहे. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या दोन शहरांत ट्रामचं दाट जाळं होतं. मोटारींच्या उत्साहात ते उपटलं, शेवटची ट्राम धावली जून 1954 मध्ये. त्यातल्या चांगल्या गाड्या दुसऱ्या शहरांना विकून टाकल्या. कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखाला पुढं फसवणुकीबद्दल शिक्षा झाली, पण रूळ काही परत आले नाहीत. पहिली लाइट रेल सुरू झाली जून 2004 मध्ये. मधे बरोबर पन्नास वर्षं! तेव्हाही लोकांनी टाळ्याच वाजवल्या असतील, आता रस्ता मोकळा झाला म्हणून.

इंदूरला पन्नास वर्षं थांबावं लागणार नाही, आपली मेट्रो आलीय. 31 मे 2025 ला, अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीच्या दिवशी, सुपर कॉरिडॉरवर पाच स्टेशनं उघडली. सहा किलोमीटर, जिथं वस्तीच विरळ. मला मेट्रोचा राग नाही, साडेएकतीस किलोमीटरचं वर्तुळ पुरं झालं तर उपयोगच होईल. पण स्टेशनातून बाहेर पडल्यावर सुदामानगरला जायचं कशानं? मेट्रो भुयारी असली काय आणि पुलावर असली काय, पुढची बस लागतेच.

म्हणून मला वाटतं, दादानं आणि मी दोघांनी भांडायचं असेल तर मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेवर भांडावं. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. वर राज्याची एक कंपनी, खाली विभागवार कंपन्या, बस खासगी मालकांच्या, मार्ग आणि वेळापत्रक सरकारचं. वीस वर्षांनी सरकार बसकडे परत आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण मालकाला पैसे कशाचे मिळणार, भरलेल्या सीटचे की धावलेल्या किलोमीटरचे? फेरी गाळली तर दंड कोण करणार? तूट आली तर कुठल्या करातून भरणार? या तीन उत्तरांवर सगळं ठरेल. ग्रुपवर यावर अजून एकही इमोजी आलेला नाही.

शंभरावर वर्षांपूर्वी होळकर दरबारानं पॅट्रिक गेडीस नावाच्या स्कॉटिश माणसाला शहर सुधारायला बोलावलं होतं. प्लेगच्या दिवसांत त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली आणि जाहीर केलं, की ती नेहमीच्या वाटेनं जाणार नाही, ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरं झाडूनपुसून दुरुस्त केली असतील तिथून जाईल. लोकांनी हिरिरीनं घरं साफ केली. सफाईत देशात पहिला नंबर लावणारं आपलं शहर ती गोष्ट अभिमानानं सांगतं. मला त्यात वाट ठरवण्याची गंमत जास्त वाटते. वाट कशावरून ठरणार, हे आधी सगळ्यांना माहीत होतं.

मागच्या खेपेला इंदूरला आले तेव्हा मावशीला म्हटलं, चल, बसनंच पलासियाला जाऊ. रेलिंग निघालेल्या जागी आम्ही उभ्या. थांब्याची पाटी नव्हती. पानवाल्याला विचारलं तर म्हणाला, "कभी यहाँ रुकती है, कभी आगे." पाऊण तास झाला. एक बस आली, थांबली ती चांगली शंभर पावलं पुढं, आणि मावशीची पावलं तिथवर पोचायच्या आत निघून गेली. मग एक मॅजिक, म्हणजे शेअरची छोटी व्हॅन, आली, पोऱ्या दारातून ओरडला, "आओ माताजी, एक सवारी की जगह है."

आम्ही दोघी होतो. मावशी चढली. मी रिक्षा केली.