खिरापतीतील पानगळ

सोसायटीच्या भोंडल्याला यंदा आमच्या घरची खिरापत काय असावी, हा प्रश्न माझ्या मेहुणीने बोस्टनमध्ये बसून परस्पर सोडवला. तिने कुकी कापण्याचे पत्र्याचे साचे पाठवले. त्यांत मेपलचे पान होते, ओकचे फळ होते, भोपळा होता, खार होती आणि वर पत्त्यांतल्यासारखा एक बदाम फुकट आला होता. सोबत निरोप असा की, ऑक्टोबर म्हणजे पानगळीचा बहर, तेव्हा त्यावर तांबूस, केशरी आणि तपकिरी रॉयल आयसिंग (म्हणजे सुकून कडक होणारा साखरेचा लेप) झालेच पाहिजे. “अहो, तुमचे अक्षर चांगले आहे,” एवढे बोलून पत्नीने नक्षीकाम माझ्याकडे सोपवले. आयुष्यभर खतावण्यांत वळणदार आकडे काढल्याची ही शिक्षा असावी.

मुळात पुण्यात ऑक्टोबरमध्ये पाने गळत नाहीत. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, टेकड्या हिरव्यागार असतात, मंडईत झेंडूचे ढीग लागतात आणि बुचाच्या झाडांखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. आमच्याकडची झाडे निष्पर्ण होतात ती माघ-फाल्गुनात, आणि तीही रंगांचे प्रदर्शन न मांडता मुकाट्याने. बोहरी आळीत मी तांबूस आणि तपकिरी जेलचे रंग मागितले, तेव्हा दुकानदाराने कशासाठी हवेत असे विचारले. पानगळीसाठी, असे मी सांगितले. “मग आत्ता कशाला नेताय? फेब्रुवारीत या की,” असे म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माणूस शास्त्राला धरून बोलत होता.

दुसरी अडचण धार्मिक होती. रॉयल आयसिंग म्हणजे पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक. आणि खिरापत तर नवरात्रातली. बाजारात मिळणारी मेरिंग पावडरही बहुधा वाळवलेल्या बलकाचीच असते. अखेर मदतीला आले ते काबुली चणे. ते शिजवलेले पाणी आटवून घट्ट केले की, त्यात उतरलेल्या प्रथिनांमुळे बलकासारखा फेस धरते, हे २०१४ साली जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने दाखवून दिले. गायकाला हे कसे सुचले, याचा विचार करत मी चण्याच्या पाण्यात लिंबाचे थेंब टाकून बीटर फिरवत राहिलो. फेस खरोखरच आला, आणि पत्नीने माझ्याकडे लग्नानंतर प्रथमच आदराने पाहिले.

खरी परीक्षा आयसिंगच्या पातळपणाची असते. वाटीतल्या आयसिंगवरून सुरी ओढायची आणि चर बुजायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. दहाच्या आत बुजला तर मिश्रण पातळ, ते कुकीच्या काठावरून ओघळणार. वीस झाले तरी चर तसाच राहिला तर घट्ट, ते पसरणारच नाही. पाण्याचा एक थेंब जास्त पडला की पुन्हा साखर, साखर जास्त झाली की पुन्हा पाणी, अशा रीतीने माझी वाटी हळूहळू पातेल्यात रूपांतरित झाली. आधी घट्ट आयसिंगने कडेची रेघ काढायची आणि ती सुकली की आतली जागा पातळ आयसिंगने भरायची. आयसिंग भरलेल्या, मेंदीसारख्या कोनाचे टोक कुकीला टेकवायचे नाही. ते अधांतरी धरून आयसिंगचा धागा अलगद खाली सोडायचा. हे मला चांगले जमले. मेपलच्या पानाच्या प्रत्येक टोकात सुईने आयसिंग ओढून नेताना आणि वर आलेले बुडबुडे टाचणीने फोडताना माझी जीभ आपोआप ओठाबाहेर येई, एवढाच काय तो दोष. तपकिरी रंगासाठी नारिंगीत निळ्याचे बोट लावले. मात्र सुकल्यावर तो रंग असा गडद झाला की, खारीला काजळी धरल्यासारखे दिसू लागले.

आता ते वाळायला हवे होते, आणि त्याला आठ तास तरी लागतात. दुपारी पारा बत्तिशीला टेकलेला आणि लोणी वितळते तेही ३२ ते ३५ अंशांना. त्यामुळे कुकीतील लोणी वर येऊन आयसिंगवर तेलकट डाग उमटवू लागले. संध्याकाळी परतीच्या पावसाची सर आली आणि हवेतला ओलावा साखरेने आनंदाने पिऊन घेतला. भरीला गुरुवार असल्याने दुरुस्तीसाठी वीज गेलेली, पंखा बंद. ताटांना वर्तमानपत्राने वारा घालत मी उभा असताना शेजारच्या आजी डोकावल्या. मेपलकडे पाहून त्यांनी “पपईचे पान वाटते” असा निर्णय दिला, ओकच्या फळाला सुपारी म्हटले आणि भोपळा पाहून, यापेक्षा घारगे केले असते तर लवकर उरकले असते, असे सुचवले. मात्र बदामाच्या साच्याची हिरवी कुकी त्यांनी हातात घेतली, टोक खाली करून धरली आणि म्हणाल्या, “हा आपटा मात्र हुबेहूब आहे.” त्यानंतर उरलेले सारे पीठ मी बदामातच कापले.

भोंडल्याच्या वेळी मला एक गोष्ट उशिरा आठवली. खिरापत ओळखण्यासाठी डबा हलवून पाहायचा असतो. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या लग्नातील केकवरही असेच पांढरे, कडक आयसिंग होते, पण तो केक कोणी डब्यात घालून कानाशी खुळखुळवला नसावा. इथे फेर संपताच डबा हातोहात फिरू लागला. “वाजतंय!” म्हणून एकीने शंकरपाळे सांगितले, दुसरीने कडबोळी, तिसरीने तिळाच्या वड्या, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरागणिक डबा अधिक जोमाने हलवला गेला. झाकण उघडले तेव्हा मेपलची टोके, खारींची शेपटे आणि सुपाऱ्यांचे देठ यांचा तळाशी असा थर साचला होता की, पानगळ म्हणावी तर हीच. आपट्याची पाने तेवढी धडधाकट होती. आजींनी दसऱ्याची वाट न पाहता “सोनं घ्या” म्हणत ती वाटून टाकली.

स्वतःचे पान खाऊन झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन, अंडे नाही ना, याची खात्री करून घेतली. मी चण्याच्या पाण्याची हकीकत सविस्तर सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, बोटावरची साखर पदराला पुसली आणि विचारले, “मग ते छोले कुठे आहेत?”