भोकांच्या रोटरने पिकअप लवकर थांबत नाही

"पेडल थरथरतंय म्हणजे रोटर वाकलेत. ते फेका, भोकं पाडलेले, खाचांचे रोटर आणि सिरॅमिक पॅड घाला. गाडी निम्म्या अंतरात थांबेल आणि ओझं ओढताना ब्रेक तापणारच नाहीत." पिकअप ट्रकवाल्यांमध्ये हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवणारे तुकडे.) मागे ट्रेलर लावून लांब उतार उतरणारा माणूस याच सल्ल्यावर पैसे घालतो आणि जिवावर बेतणाऱ्या गोष्टीत निर्धास्त होतो, म्हणून यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

आधी वाकण्याचं. बिडाचा रोटर सहजासहजी वाकत नाही. थरथर येते ती बहुतेक वेळा त्याच्या जाडीतल्या फरकामुळे. मिलिमीटरचा दोन शतांश भाग, म्हणजे ०.०२ मिमी फरकही पायाला कळू शकतो. रोटर आणि तो ज्यावर बसतो तो चाकाचा हब यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा अडकलेला असतो, नाहीतर चाकाचे नट कमीजास्त आवळलेले असतात. रोटर किंचित तिरका बसतो, दर फेरीला पॅडला त्याच जागी घासतो आणि हळूहळू तेवढीच जागा पातळ होते. कडक तापलेले ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली, तर पॅडचा माल एकाच जागी चिकटूनही हेच होतं.

माझ्या पिकअपला डायल गेज, म्हणजे रोटर फिरताना किती डगमगतो ते दाखवणारं मापक, लावलं तेव्हा काटा ०.११ मिमी हलला. रोटर उतरवला, हबचा गंज तारेच्या ब्रशने लख्ख घासून काढला आणि तोच रोटर परत चढवला. आता काटा ०.०४ वर. जाडी रोटरवर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा बरीच जास्त होती, म्हणून लेथवर हलका कट मारून घेतला आणि थरथर गेली. हब न घासता नवे रोटर आणले असते तर तेही तिरकेच बसले असते. जाडी किमान आकड्याखाली गेली असेल किंवा तडा दिसत असेल तर रोटर बदलायचाच, त्यात घासाघीस नको.

आता भोकं. शर्यतीच्या गाड्यांमध्ये ती आली, तेव्हाच्या पॅडमधली राळ तापली की वायू सुटायचा आणि त्याला बाहेर पडायला वाट लागायची. आजच्या पॅडमधून वायू फारच कमी निघतो. पिकअपला हवं असतं वजनदार लोखंड. २,५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ९६० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. मागे १,५०० किलो जोडा, हाच आकडा १,५०० किलोज्यूलच्या पुढे जातो. त्यातली बरीचशी उष्णता आधी रोटरच्या धातूत शिरते आणि भोक पाडणं म्हणजे तोच धातू काढून टाकणं. शिवाय तडे भोकांच्या कडेपासूनच सुरू होतात. खाचा त्या मानाने बऱ्या. पाणी, चिखल, पॅडची भुकटी निघून जाते, मात्र पॅड लवकर झिजतात आणि आवाज येतो. चिखलात राबणाऱ्या गाडीला त्या घेतल्या तर माझी हरकत नाही.

निम्म्या अंतराचं म्हणाल, तर जोरात ब्रेक दाबल्यावर आत्ताच एबीएस (चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा) चालू होत असेल तर चाक अडवण्याइतका जोर ब्रेकमध्ये आहेच. पुढचं काम टायरचं.

सिरॅमिक पॅड वाईट नाहीत. धूळ कमी, आवाज कमी, रिकाम्या गाडीला छान. पण वरचेवर ओझं ओढत असाल तर मी सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) पॅडच घ्यायला सांगेन, कारण चांगल्या प्रतीचे असे पॅड तापल्यावरही पकड सहसा टिकवून धरतात. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, पॅडवर छापलेली एफएफ, जीजी अशी अक्षरं वाचा. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं तर तापल्यावर पकड उतरते असं समजा. पॅड किती टिकेल हे मात्र ही अक्षरं सांगत नाहीत.

राहिला "तापणारच नाहीत" हा दावा, आणि मला सगळ्यात घातक वाटतो तो हाच. गाडीच्या वेगाची उष्णता करणं हेच ब्रेकचं काम आहे, ते तापणारच. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरू द्या. पेडल टणक लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापलेत. पेडल मऊ पडून खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलंय. डॉट ३ या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता तग धरतं, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग हीच हमी १४० अंशांवर येते. अशा वेळी रोटर कितीही महागडे असोत, पाय जमिनीलाच लागणार. म्हणून खरेदीला निघण्याआधी ऑइल शेवटचं कधी बदललं ते बघा आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक लागतात का, तेही.