दीर्घकाळ, अखंड, आदराने

जूनमधला योगदिन जवळ आला की आमच्या नातेवाइकांत तोच वाद पेटतो. कोणीतरी अमेरिकेतल्या ‘गोट योगा’चा व्हिडिओ पाठवतं. पाठीवर शेळीची पिल्लं घेऊन खिदळणारी माणसं दिसतात आणि मग सुरू होतं: आपला योग यांनी पळवला, त्याचा धंदा केला, आपण नुसते बघत बसलो. काका हमखास विचारतात, “तू लंडनमध्ये राहतेस, तुला काहीच वाटत नाही का गं?”

वाटतं की. तो शेळ्यांचा प्रकार बघून मलाही चीड येते. पण मी ज्या लंडनमध्ये सराव करते तिथली हकीकत वेगळी आहे, आणि ती पुण्यातल्या घराघरात माहीत असायला हवी, कारण तिची सुरुवातच पुण्यात झाली.

१९३७ साली बी. के. एस. अय्यंगार डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांतून उठलेला हा कर्नाटकातला मुलगा पुढे पुण्याचाच झाला. १९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांच्याशी गाठ पडली आणि त्या ओळखीतून गुरुजी युरोपात पोचले. १९७०च्या आसपास लंडनच्या शिक्षण खात्याने प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गांत त्यांचा योग शिकवायला परवानगी दिली, तीही अट घालून: आसन-प्राणायाम शिकवा, अध्यात्म नको. हे ऐकलं की आपल्याकडे कोणीही म्हणेल, घ्या, प्राणच काढून घेतला. अट मलाही खुपते. तरीही त्या वर्गांना दिवसभराची नोकरी संपवून आलेली साधी माणसं वर्षानुवर्षं येत राहिली. माझ्या बाई त्यांतल्याच. आता सत्तरीच्या पुढे आहेत. पाठ धरली म्हणून वर्गाला आल्या, टिकल्या, शिकवू लागल्या. त्यांच्या योगसूत्रांच्या प्रतीचे समास पेन्सिलीच्या बारीक टिपणांनी भरलेत. अध्यात्म नको म्हणणाऱ्या वर्गातून त्या पतंजलींपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेल्या. त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अलीकडेच रजा काढून मी पुण्याला गुरुजींच्या संस्थेत महिनाभर शिकून आले. मॉडेल कॉलनीजवळची ही संस्था १९७५ साली, गुरुजींच्या पत्नी रमामणी यांच्या स्मरणार्थ उभी राहिली. महिन्याची घडी ठरलेली: पहिल्या आठवड्यात उभ्याने करायची आसनं, दुसऱ्यात पुढे वाकण्याची, तिसऱ्यात मागे वाकण्याची, चौथ्यात विश्रांतीची आसनं आणि प्राणायाम. एकदा सर्वांगासनाची तयारी चालली होती. ब्लँकेटांच्या घड्या एकावर एक रचायच्या, दुमडलेल्या कडा एका रेषेत आणायच्या, खांदे त्या कडांवर आणि डोकं खाली जमिनीवर, म्हणजे मानेवर भार येत नाही. माझ्या शेजारच्या पोर्तुगीज बाईंची एक कडा बोटभर बाहेर राहिली होती. शिक्षकांनी त्यांना उतरवलं, सगळी चळत मोडली आणि पुन्हा रचायला लावली. त्या बाई आपल्या देशात कित्येकांना शिकवतात. त्यांनी निमूटपणे पहिल्या घडीपासून सुरुवात केली. त्याच सभागृहात एरवी पाठीचे, हृदयाचे रुग्ण येतात. दोऱ्या, बाकं, लोड यांच्या आधाराने त्यांच्याकडून एकेक आसन करून घेतलं जातं. कोणाला घाई नसते.

पतंजलींनी अभ्यासाची अट एका सूत्रात सांगून ठेवली आहे: दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने केला तरच तो पक्का होतो. ‘योग कोणाचा’ या आपल्या वादात हे तिन्ही शब्द कधी निघत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या अभ्यासाने माझं काय झालं तेही सांगते. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला अवेळी वाजणाऱ्या फोनची धास्ती असते. आईबाबा थकले आहेत, त्यांचं सगळं भाऊ बघतो. फोन आला की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि तो घाबरेपणा भावावरच निघायचा: डॉक्टरांना का नाही विचारलंस, आधी का नाही कळवलंस. आता आधी उच्छ्वास लांबतो, मग मी बोलते. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद), उपेक्षा (उणिवा मनावर न घेणं) हे पतंजलींचं सूत्र मला तिथे उपयोगी पडलं. भाऊ जे करतो त्याचा आनंद मानायला शिकले, त्याच्याकडून राहून जातं ते सोडून द्यायला शिकले. गेल्या वर्षी तोच म्हणाला, “ताई, हल्ली तुझ्याशी बोलून बरं वाटतं.” यासाठी काही वर्षं गेली. कुठल्याही शिबिरात हे मिळालं नसतं.

आता धंद्याबद्दल. दोनशे तासांत योगशिक्षक व्हायचं माप अमेरिकेत ठरलं, हे खरं. पण तीन-चार आठवड्यांत ते तास भरून प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती मला लंडनमध्ये दिसतात त्या गोव्यातल्या आणि हृषीकेशच्या. इथे अय्यंगार पद्धतीत शिक्षक व्हायचं तर आधी किमान तीन वर्षं नुसतं विद्यार्थी राहावं लागतं, त्यानंतर प्रशिक्षण सुरू होतं. काकांनी चिडायचंच असेल तर आधी त्या महिनाभराच्या प्रमाणपत्रांवर चिडावं.

पुण्याला शिकायला येणाऱ्या परदेशी माणसाकडे महिन्याची रजा असते, तिकिटाला पैसे असतात. ठाण्याहून लोकलने जाऊन रात्री घरी पोचणाऱ्या माणसाकडे दोन्ही नसतं. म्हणून तिथे जवळचा, स्वस्त आणि वर्षभर चालणारा वर्ग लागतो. महाराष्ट्राला हे नवं नाही. नागपुरात जनार्दनस्वामींच्या मंडळाने कित्येक दशकं विनामूल्य वर्ग चालवले. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि श्वासाचा, आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. आपला वारसा म्हणून मिरवायचा तर मी हा मिरवीन.

यंदा इथल्या मराठी मंडळात २१ जूनचा कार्यक्रम ठरवायची बैठक झाली. मी एवढंच मागितलं: पाहुण्यांचं भाषण ठेवा, सूर्यनमस्कार ठेवा, पण त्याच दिवशी दारात टेबल टाकून पुढच्या मंगळवारपासूनच्या वर्गाची नावं लिहून घ्या. हॉलचं भाडं वर्गणीतून निघेल. शिकवायला माझ्या बाई तयार आहेत. काकांनाही कळवलंय की सोसायटीच्या हॉलची चौकशी करा, मी पुण्यातल्या शिक्षकांशी बोलते.