नुसते जोडारी

वाद होता भाच्याने देशी गाडी घ्यावी की नाही याचा. पुण्याच्या मावसभावाने फॅमिली ग्रुपवर निकालच देऊन टाकला: "आपण नुसते जोडारी. जर्मन बघा, पहिल्यापासून स्वतःचं डोकं!" खाली अंगठ्यांची रांग. मी राहतो जर्मनीत रुसेल्सहाइमला, ओपल या मोटार कंपनीच्या गावात. आज रविवार, इथे रविवारी आवाज करायला बंदी, ड्रिल चालवायची सोय नाही, तेव्हा सविस्तरच लिहितो.

अ‍ॅडम ओपल पॅरिसहून काम शिकून आला आणि 1862 साली इथल्या एका गोठ्यात शिवणयंत्रं बनवू लागला. मग सायकली. 1895 मध्ये तो गेला, तोवर कारखान्यात मोटार नव्हतीच. बायको सोफी आणि पाच मुलांनी 1899 मध्ये डेसाउच्या लुट्समान नावाच्या मोटार बनवणाऱ्याचा धंदाच विकत घेतला. गाडी त्याची, नाव ओपलचं. ती काही चालली नाही, लुट्समानला नारळ मिळाला. पुढे दाराक या फ्रेंच कंपनीच्या गाडीच्या सांगाड्यावर ओपलची बॉडी. याला आपण काय म्हणतो? 1924 चा हिरवा 'लाउबफ्रॉश' (म्हणजे झाडावरचा बेडूक) तर फ्रेंच सित्रोएन कंपनीच्या छोट्या गाडीशी इतका मिळताजुळता, की प्रकरण कोर्टात गेलं. सित्रोएन हरली, तो भाग सोडा. आणि भावाच्या दारात उभी आहे ती बीएमडब्ल्यू? त्यांची पहिली मोटार म्हणजे लायसन्सवरची ब्रिटिश ऑस्टिन सेव्हन.

ओपलने 1902 पासून स्वतःच्या आराखड्याच्याही गाड्या काढल्या, लाउबफ्रॉश जर्मनीत सर्वांत आधी असेंब्ली लाइनवर आली, हे मी ग्रुपवर सांगितलं नाही. वादात सगळंच सांगायचं नसतं.

शेवटी लिहिलं, "आमच्याकडे असं कुणी बोलत नाही." भावाने विचारलं, "आमच्याकडे म्हणजे कुठे?" उत्तर टाइप केलं, खोडलं.

खरं तर राग त्याच्यावर नाहीच. बाबांनी चिंचवडला एकतीस वर्षं इटालियन घाटाच्या स्कूटर जोडल्या. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना जेवताना मीच त्यांना म्हणालो होतो, "तुम्ही नुसतं जोडता हो." त्यांनी ताक मागितलं.

गेल्या हिवाळ्यात फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, ओपलचं जुनं शिवणयंत्र मिळालं. उचलून आणताना पाठ धरली. बायको अजून विचारते, ठेवणार कुठे. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, मला चाक फिरवायला लावलं, खालची पट्टी सरकवायला लावली, कान देऊन खडखड ऐकली.

"तेल घाल," म्हणाले. "खोबरेल नको हां."