सातवा कंट्रोल आणि बाबांची तूर

आमच्या विदर्भात वाट चुकणं तसं अवघडच. धुऱ्यावर जरा रेंगाळलं की पलीकडच्या वावरातून हाक येते, "कोनाकडे जाचं हाय?" मग माणूस रस्ता सांगतो, पाणी देतो आणि बोलता बोलता आपल्या मामेसासऱ्याची ओळख काढतो. ओरिएंटिअरिंगमध्ये नेमकं हेच चालत नाही. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात लपवलेले कंट्रोल, म्हणजे टांगलेल्या केशरी-पांढऱ्या खुणा, क्रमाने शोधायचे, पोचल्याचा पुरावा म्हणून तिथल्या पंचने कार्डावर टोचायचं, पण कोणाला विचारायचं नाही. १८९७ साली ऑस्लोजवळ या खेळाची पहिली जाहीर स्पर्धा झाली, तेव्हा आठ जण धावले होते. तिकडच्या रानात विचारायला माणूसच भेटत नसणार.

आम्ही तिघं: मी, मास्तर आणि डॉक्टर. डॉक्टर म्हणजे कृषी केंद्रवाला. कपाशीवर कोणतं औषध मारायचं ते सांगतो, म्हणून डॉक्टर. दिवस संक्रांतीच्या आधीचे, रान सागाचं.

नकाशावर पांढरा रंग म्हणजे पळता येईल असं जंगल, पिवळा म्हणजे उघडी जमीन, हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट. जांभळा त्रिकोण सुरुवात, गोल म्हणजे कंट्रोल, दुहेरी गोल म्हणजे सुटका. मास्तर म्हणाले, "पांढऱ्यातूनच काढू." काढलं. पांढऱ्यात सागाची वाळकी पानं होती, दगड होते आणि कुसळं होती. कुसळांना नकाशात रंगच नाही. पायमोज्यातून शिरली की थेट घोट्याशी बोलतात.

होकायंत्र डॉक्टरच्या हातात. सुई उत्तर सोडून त्याच्या मनगटातल्या लोखंडी कड्याकडे बघत राहिली. कडं काढलं, तर त्याने दुसऱ्या हातातला मोबाईल सुईला चिकटवून नकाशाचा फोटो काढायला घेतला. या नादात काही काळ आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने पूर्वेला चाललो होतो.

तरी सहा सापडले. सातवा नाल्याच्या वळणावर. वळण होतं, पळस होता, केशरी-पांढरी खूण कुठेच नाही. तेवढ्यात डोक्याला दुपट्टा बांधलेले एक बाबा आले.

"काय धुंडून राह्यले बा?"

आम्ही तिघांनी पळसाकडे पाहिलं. वडीलधारा माणूस विचारतो आणि आपण मुके! माझी मान नियमाच्या विरोधात हलायला लागली.

"सरकारी मानसं हाय का? जमीन मोजून राह्यले?"

"नाही बाबा, रामराम," मास्तर घाईने म्हणाले. रामराम करू नये असं नियमात कुठे नाही.

"मंग ते लटकन पाह्यता काय? थे म्या तुरीत बांधलं. साड्याले रोही आता भेत नाही. हे बांधलं त रातभर एक बी फिरकला नाही!"

रोही, म्हणजे नीलगायी, शिरू नयेत म्हणून वावराला झटका मशीनची तार होती. बाबांनी मशीन बंद केलं, आम्ही वाकून आत गेलो. तुरीच्या कोपऱ्यात बांबूवर कंट्रोल डौलात झुलत होता, टोचायचा पंच शाबूत. मास्तरांनी कार्डावर टोचलं.

"घेऊन जाता काय?" बाबांनी अशा तोंडाने विचारलं की डॉक्टर म्हणाला, "असू द्या, तुरीले लागते."

शेवटच्या टेबलावर एकच पेच. सगळ्यांच्या कार्डावर सातवा रकाना कोरा, फक्त आमच्यावर टोचे. मास्तरांनी सगळी हकीकत सांगितली. स्पर्धेच्या पंचांनी कपाळाला हात लावला आणि खूण आणायला एका पोराला पाठवलं.

बऱ्याच वेळाने पोट्टं परत आलं. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी होती, कंट्रोल नव्हता.