हिरोजींनी विचारून, रॉबिनेटने चोरून? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘कोल्हापुरी गेमर’ (खरं नाव माहीत नाही म्हणून हँडलनेच हाक मारतो),

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली होती, पण मोबाइलवर एवढं टाइप करायचं म्हणजे अंगठे दुखतात, म्हणून आज निवांत लॅपटॉप घेऊन बसलोय. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची कमेंट आता खूप खाली गेलीय. त्यांचं म्हणणं असं की मागच्या लेखात मी अटारी या अमेरिकन व्हिडिओ गेम कंपनीतल्या प्रोग्रॅमर वॉरन रॉबिनेटची तुलना रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांशी केली तीच मुळात चुकीची, हिरोजींनी महाराजांना विचारून पायरीवर नाव कोरलं, आणि या पठ्ठ्याने कंपनीचा पगार खाऊन कंपनीच्याच मालात गुपचूप नाव घुसवलं. शिवाय आजकालचे ईस्टर एग (बनवणाऱ्यांनी गेममध्ये लपवून ठेवलेल्या गमती) म्हणजे निव्वळ मार्केटिंग. शिवाय हे सगळे संदर्भ अमेरिकन नाहीतर जपानी लोकांचे, आपल्या गेमिंग कॅफेतल्या पोरांना त्यातलं घंटा काही कळत नव्हतं (शब्द त्यांचाच). आणि एवढं करून लेखात काँट्रा या गेमचा कोड नाही, व्हाइस सिटी या गेमचे चीट (खेळ सोपा करणारे छुपे शब्द) नाहीत, मग कसला डोंबलाचा लेख.

शेवटच्यापासून सुरू करतो कारण ते सोपंय. काँट्राचा कोड मी मुद्दाम घेतला नव्हता. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, हे आपल्या पिढीला पाढ्यांआधी पाठ होतं, ते पिवळं ‘इतके इन वन’वालं कार्ट्रिज घातलं की पहिलं काम तेच, तीस लाइफ. पण तो कोड आला कुठून ते बघा. कोनामी या जपानी गेम कंपनीतला काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रेडियस नावाचा गेम निन्टेन्डोच्या घरगुती मशीनवर आणत होता, टेस्ट करायला त्याला स्वतःलाच तो गेम जमेना, म्हणून त्याने स्वतःच्या सोयीसाठी सगळे पॉवरअप एकदम देणारं एक बटणांचं कॉम्बिनेशन टाकून ठेवलं आणि गेम बाजारात गेला तेव्हा ते आतच राहिलं. पुढे कोनामीने तोच कोड काँट्रात आणि इतर गेम्समध्येही वापरला. म्हणजे गवंडी काम संपवून गेला आणि परात तिथेच राहिली, तसं ते. लोकांच्या उपयोगी पडली, चांगलं झालं, पण ती त्याने कुणासाठी लपवून ठेवली नव्हती. व्हाइस सिटीचा पँझर टाइप करून रणगाडा पाडायचा प्रकार तर सरळ सरळ चीट, तो सापडावा म्हणूनच बनवलेला. मारिओचं ते १-२ या लेव्हलमधल्या भिंतीतून घुसून जायचं मायनस वर्ल्ड, जिथे पाण्यातली लेव्हल संपतच नाही, तो बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. हे तिन्ही मला आवडतात, पण लेखाचा विषय वेगळा होता.

आता मुख्य भांडण. हिरोजी.

तुम्ही म्हणता त्यांनी विचारून कोरलं. बरोबर. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ असं नाव आहे, आणि ते कसं आलं याची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय, महाराजांनी काय हवं ते माग म्हटलं आणि हिरोजींनी पायरीवर नाव कोरायची परवानगी मागितली. पण या गोष्टीत आधी विचारलं कुणी? महाराजांनी. हाच तर माझा मुद्दा होता राव. रॉबिनेटला विचारणारं कुणी नव्हतंच.

अटारी १९७६ मध्ये वॉर्नर या बड्या कंपनीने विकत घेतली आणि पुढे रे कसार नावाचा मॅनेजर वरती आला, टेक्सटाइल धंद्यातला माणूस. त्या काळात एक कार्ट्रिज म्हणजे बहुतेक वेळा एकटा माणूस, डिझाइन त्याचं, प्रोग्रॅम त्याचा, चित्रं आणि आवाजसुद्धा त्याचेच, आणि खोक्यावर नाव फक्त कंपनीचं. अटारीतला डिझायनर डेव्हिड क्रेन आणि त्याचे तीन सहकारी कसारकडे गेले की बाबा आमचे गेम्स एवढे विकले जातायत, निदान नाव तरी द्या, तर क्रेन सांगतो त्याप्रमाणे त्यांना उत्तर मिळालं की कारखान्यात कार्ट्रिज जोडणाऱ्या माणसाचं जेवढं महत्त्व तेवढंच तुमचं. ते चौघे बाहेर पडले आणि १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन काढली, आणि त्यांच्या गेम्सवर डिझायनरचं नाव छापून यायला लागलं. (आजची अवाढव्य अ‍ॅक्टिव्हिजन बघून हे खरं वाटत नाही, पण तिचा जन्म या एका रागातून झालाय.)

रॉबिनेट त्याच ऑफिसातला. त्याने काय केलं तर अ‍ॅडव्हेंचर या आपल्या गेममध्ये काळ्या किल्ल्याच्या भुलभुलैयात एका बंद खोलीत एका पिक्सेलचा एक ठिपका ठेवला, तोही मागच्या राखाडी रंगाचाच. दिसतच नाही. तो उचलायचा, अख्ख्या नकाशातून वाहून पिवळ्या किल्ल्याखालच्या वाटेवर आणायचा, तिथे आणखी दोन-तीन वस्तू आणून टाकायच्या, की गर्दी झाल्यामुळे स्क्रीनवरची भिंत लुकलुकायला लागते आणि मग त्या भिंतीतून आरपार जाता येतं. पलीकडे खोलीत रंग बदलत उभं लिहिलेलं, हे बनवलंय वॉरन रॉबिनेटने. कार्ट्रिज पूर्ण मिळून ४ केबीचं आणि मशीनची मेमरी १२८ बाइट, त्यात ड्रॅगन, तलवार, किल्ले आणि एक चोरटं वटवाघूळ बसवून वर स्वतःच्या नावाला जागा काढली. तिथे एकेक बाइट घासाघीस करून वाचवावा लागायचा, त्यामुळे ‘पगार खाऊन टाइमपास’ हे जरा जास्तच झालं तुमचं.

बरं पगाराचं म्हणाल तर त्याने स्वतःच सांगितलंय, वर्षाला साधारण २२,००० डॉलर, गेमच्या दहा लाखांच्या आसपास प्रती खपल्या, एक प्रत २५ डॉलरच्या आसपास, आणि त्याला रॉयल्टी शून्य. गुणाकार तुम्हीच करा. गेम देऊन तो राजीनामा देऊन निघून गेला, ऑफिसात कुणालाही सांगितलं नाही. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका १५ वर्षांच्या पोराने अटारीला पत्र पाठवलं की मला एक खोली सापडलीय, तेव्हा कंपनीला कळलं. काढून टाकायचं तर कार्ट्रिजमधल्या रॉम चिपचा मास्क (चिप बनवायचा साचा) नव्याने करायला हवा, त्याचा खर्च सुमारे १०,००० डॉलर, मग तिथला एक मॅनेजर स्टीव्ह राइट म्हणाला राहू दे, ईस्टरला मुलं अंडी शोधतात तसं आपल्या गेम्समध्येही शोधू देत. म्हणजे ज्या कंपनीने नाव छापायला नकार दिला तिनेच नंतर लपवलेलं नाव हे धोरण करून टाकलं. हिरोजींना परवानगी आधी मिळाली, याला नोकरी सोडल्यावर मिळाली, फरक एवढाच. त्यामुळे तुलना मी मागे घेत नाही.

विनापरवाना कोडबद्दल तुमचा मुद्दा मात्र एका ठिकाणी मला पटतो, आणि ते ठिकाण गेम नाही. एक्सेल ९७ मध्ये एक अख्खा फ्लाइट सिम्युलेटर लपवलेला होता, ठराविक सेलवर जाऊन ठराविक बटणं दाबली की हिशोबाच्या तक्त्यातून थेट जांभळ्या डोंगरांवरून उडायला लागायचो, आणि मध्ये एका दगडावर बनवणाऱ्यांची नावं सरकत जायची. मजा होती. पण ज्या सॉफ्टवेअरवर सरकारं आणि बँका हिशोब करतात त्यात कुणी न सांगता काहीतरी ठेवलंय ही गोष्ट गिऱ्हाइकाला चालत नाही, आणि २००२ नंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या मोहिमेत हे सगळं बंद केलं. योग्यच केलं. ड्रॅगन मारायच्या खेळाला तो नियम लावू नका एवढंच.

मार्केटिंग. इथे तुमच्याशी अर्धा सहमत. ट्रेलर आल्याच्या तासाभरात ‘हे २५ ईस्टर एग तुम्ही पाहिलेत का’ असे व्हिडिओ येतात त्यातले निम्मे तर स्क्रीनच्या मधोमध ठेवलेले असतात. दुसऱ्या गेममधला टीशर्ट घातलेला माणूस रस्त्यात उभा करणं याला मी लपवणं म्हणत नाही. माझी फूटपट्टी साधी आहे: बनवणारा ‘हे कुणालाच सापडलं नाही तरी चालेल’ या तयारीने बसला होता का? १९७७ च्या स्टारशिप १ या अटारीच्या आर्केड मशीनमध्ये रॉन मिलनरने एक युक्ती ठेवली होती, ठराविक क्रमाने कंट्रोल दाबून नाणं टाकलं की स्क्रीनवर ‘हाय रॉन’ आणि वर दहा डाव फुकट. ती लोकांसमोर आली २०१७ मध्ये. चाळीस वर्षं! आणि रॉबिनेटच्याही आधीची निघाली. यात कसलं मार्केटिंग, मशीन भंगारात जाऊन जमाना झाला होता.

आता जरा गुंतागुंतीची केस घेऊ म्हणजे तुम्ही म्हणणार नाही की सोयीची उदाहरणं निवडली. २००९ चा बॅटमॅन आर्कम असायलम हा गेम. वॉर्डनच्या ऑफिसमधली एक भिंत स्फोटकाने फुटते, आत एक छोटी खोली, तिथे पुढच्या गेमच्या शहराचा नकाशा. म्हणजे चक्क जाहिरात, नाही का? पण ती भिंत इतर फुटणाऱ्या भिंतींसारखी डिटेक्टिव्ह मोडमध्ये (लपलेल्या गोष्टी दाखवणाऱ्या बॅटमॅनच्या नजरेत) दिसतच नाही, एकदा स्फोटक लावून काही होत नाही, भरपूर लावावं लागतं, आणि महिनोन् महिने कुणालाही सापडली नाही. शेवटी गेम बनवणाऱ्या रॉकस्टेडीच्या लोकांना स्वतःच सांगावं लागलं. जाहिरात करून ती सहा-सात महिने गिळून बसणारा जाहिरातवाला मला तरी अजून भेटलेला नाही. किंवा पोकेमॉनमधला म्यू घ्या, १९९६ चा पहिला गेम, शेवटी शेवटी डीबगचा (चुका शोधायचा) कोड काढल्यावर कार्ट्रिजमध्ये ३०० बाइटभर जागा उरली आणि शिगेकी मोरिमोतोने त्यात हा एक जास्तीचा पोकेमॉन कोंबला, आपल्याआपल्यातली गंमत म्हणून. तो बाहेर फुटल्यावर मग कंपनीने मासिकातून स्पर्धा लावून २० जणांना वाटला आणि ७८,००० अर्ज आले. मार्केटिंग झालं, नाही म्हणत नाही, पण आधी गंमत झाली आणि दुकान नंतर उघडलं, तुम्ही म्हणता त्याच्या उलट क्रमाने.

राहिला मुद्दा आपल्याला कळत नाही याचा, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथे तुम्ही स्वतःवरच अन्याय करताय.

व्हाइस सिटी आठवा. तासाला दहा-पंधरा रुपये देऊन खेळणाऱ्या किती पोरांनी स्कारफेस हा पिक्चर बघितला होता? जवळपास कुणीच नाही. पण ओशन बीचवरच्या त्या ३सी फ्लॅटमध्ये जाऊन रक्ताने माखलेल्या बाथरूममधला चेनसॉ उचलला नाही असा कुणी होता का? गेमचा हिरो टॉमी, त्याचा तो बंगला, मधोमध जिना, वरती ऑफिस, शेवटच्या मिशनमध्ये तिथेच तो गोळीबार, हे सगळं आपल्या हाताखालून गेलेलं. आणि मग कधीतरी हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्डडिस्कमधून तो १९८३ चा पिक्चर लागतो आणि बाथरूमचा सीन सुरू झाल्यावर खोलीतली चार पोरं एकदम ओरडतात, अरे ही तर ३सी! अमेरिकेतल्या पोराने पिक्चर आधी बघितला आणि गेममध्ये ओळखला, आपण गेम आधी खेळलो आणि पिक्चरमध्ये ओळखला. माझ्या मते आपल्याला जास्त मजा आली, आपल्यासाठी अख्खा हॉलिवूडच व्हाइस सिटीचे ईस्टर एग दाखवत होता. हे कुणा डिझायनरने ठरवूनही जमलं नसतं.

आणि दुसरं म्हणजे संदर्भ आणि ईस्टर एग या दोन गोष्टी तुम्ही एकच धरून चालताय. रॉबिनेटचं नाव वाचायला तो कोण हे माहीत असायची गरज नव्हती, त्या पोरालाही माहीत नव्हतं. डूम २ या गेमच्या शेवटच्या राक्षसाच्या आत भाल्यावर तो गेम बनवणाऱ्यांपैकी जॉन रोमेरोचं मुंडकं आहे, त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला चिडवायला ठेवलं, त्याला ते सापडलं तर त्याने काढायच्या ऐवजी राक्षसाच्या तोंडी उलटा वाजणारा आवाज टाकला की जिंकायचं तर मला मारावं लागेल. रोमेरो माहीत नसला तरी राक्षसाच्या पोटात माणसाचं डोकं बघून दचकायला होतंच की.

सातोरू इवाताचं उदाहरण मागच्या लेखात जागेअभावी राहिलं, ते इथे देतो. निन्टेन्डोचा हा प्रमुख, मुळात प्रोग्रॅमर, ११ जुलै २०१५ ला वारला. २०१७ मध्ये निन्टेन्डोचं स्विच हे गेमचं मशीन आलं, आणि काही महिन्यांनी लोकांना कळलं की प्रत्येक मशीनच्या आत १९८४ चा गोल्फ हा गेम लपवलाय, जो इवाताने स्वतः प्रोग्रॅम केला होता. मशीनच्या घड्याळात तारीख ११ जुलै असायला हवी आणि दोन्ही हातात कंट्रोलर धरून इवाता कंपनीच्या व्हिडिओत करायचा तशी हात पुढे करायची खूण करायची, तरच गेम उघडतो. कंपनीने त्याची कुठे जाहिरात केली नाही, नंतरच्या एका अपडेटमध्ये तो काढूनही टाकला. ‘मार्केटिंग’च्या खात्यात हे कुठे लिहायचं ते तुम्हीच सांगा, मला तरी जमेना.

बाकी काँट्रावर वेगळा लेख टाकेनच, त्यात टायटल स्क्रीनवरचे ते दोघे कुणासारखे दिसतात त्यावरही बोलू. तोपर्यंत एक काम करा, तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे सॅन अँड्रिआस (व्हाइस सिटीनंतरचा त्याच मालिकेतला गेम) अजून इन्स्टॉल आहे. जेटपॅक घ्या आणि सॅन फिएरोजवळच्या गँट ब्रिजच्या टॉवरवर अगदी वर जा. तिथे एक पाटी आहे, इथे वर कुठलेही ईस्टर एग नाहीत, चालते व्हा, अशा अर्थाची. स्क्रीनशॉट काढा आणि खाली कमेंटमध्ये टाका, मग व्हाइस सिटीतलं चॉकलेटचं अंडं कुठल्या खिडकीतून उडी मारल्यावर मिळतं ते मी सांगतो.