मुरगाव नाझींचं बंदर नव्हतं

परवा रात्री पुण्याहून भाच्याचा मेसेज आला. "मावशी, तुमच्या गोव्यातले लोक हिटलरच्या बाजूने होते का?" खाली लांबलचक फॉरवर्ड. मुलगा नववीत आहे आणि इतिहासाच्या प्रकल्पात त्याने तो मजकूर जसाच्या तसा उतरवला होता. हाच फॉरवर्ड गेल्या दोन आठवड्यांत मला तीन ग्रुपांवर आला. तिन्ही वेळा मी सोडून दिला, ती माझी चूक झाली.

फॉरवर्ड आहे 'द सी वूल्व्ज' या 1980 च्या इंग्रजी युद्धपटाबद्दल. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन यांचा, गोव्यातच चित्रित झालेला. मजकुराचं म्हणणं असं: सिनेमातलं सगळं घडलेलं आहे, मुरगावात गोवेकरांनी नाझींना आसरा दिला होता, कार्निव्हलच्या धामधुमीत कलकत्त्याच्या चौदा म्हाताऱ्या इंग्रजांनी त्यांची जहाजं सुरुंगाने उडवली, त्यांना शौर्यपदकं मिळाली, आणि त्यानंतर हिंदी महासागरात एकही बोट बुडाली नाही.

मोहीम झाली, हे मान्य. 9 मार्च 1943 च्या पहाटे कलकत्ता लाइट हॉर्सचे 14 आणि कलकत्ता स्कॉटिशचे 4 जण (दोन्ही हौशी राखीव पलटणी), म्हणजे एरवी चहा, ज्यूट आणि बँकांच्या कचेऱ्यांत बसणारे मध्यमवयीन गोरे, मुरगाव बंदरात शिरले. वाहन होतं 'फीबी' नावाची गाळ वाहणारी बार्ज. मांडवी-जुवारीतून खनिज नेणाऱ्या बार्ज ज्यांनी पाहिल्यात त्यांना कळेल, असल्या वाहनातून कलकत्त्याहून भारताला वळसा घालून येणं काय असतं. कार्निव्हलचा मुद्दाही खरा. त्या वर्षी ईस्टर 25 एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार, कार्निव्हल संपल्यानंतरचा दिवस, 10 मार्चला. छापा पडला तो कार्निव्हलच्या अगदी शेवटच्या दिवसांत.

पण "गोवेकरांनी आसरा दिला" हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याला 1943 सालचा गोवा कणभरही माहीत नाही. बंदरातली एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मनीतल्या ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची मालवाहू जहाजं. 1939 साली युद्ध पेटलं तेव्हा ती इंग्रजांच्या हाती लागू नयेत म्हणून जवळच्या तटस्थ बंदरात शिरली. इटली युद्धात उतरल्यावर इटलीचं आन्फोराही तिथेच अडकलं. 1907 च्या हेग करारात तटस्थ बंदरातल्या मुक्कामाची 24 तासांची मुदत आहे ती युद्धनौकांना. व्यापारी जहाजांना तशी मुदत नाही. पोर्तुगाल तटस्थ होता, बंदर पोर्तुगालचं होतं आणि निर्णय लिस्बनचा होता.

गोवेकराला विचारलं कुणी होतं? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत 1930 च्या वसाहत कायद्याने इथल्या माणसाचे उरलेसुरले हक्कही गेले होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, सभेला परवानगी नाही. 18 जून 1946 ला मडगावात डॉ. लोहिया बोलायला उभे राहिले तर त्यांना अटक झाली. त्याच वर्षी गोव्याच्या स्वातंत्र्य चळवळीतले नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांना पकडून, शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबलं. ज्यांना स्वतःच्या चौकात तोंड उघडायची मुभा नव्हती, त्यांनी म्हणे हिटलरला आसरा दिला!

आणि गोव्याचा माणूस त्या युद्धात होता कुठे? इंग्रजांच्या बोटींवर. कुणी स्वयंपाकी, कुणी स्ट्युअर्ड. मुंबईला धोबीतलावच्या गावोगावच्या कूडांत, म्हणजे एकेका गावच्या माणसांच्या सामाईक खोल्यांत, हे तारवटी बोटीची वाट बघत राहायचे. एक मोठी खोली, एका बाजूला आल्तार (प्रार्थनेची वेदी), भिंतीला लागून प्रत्येकाची पत्र्याची पेटी. पेटीवरच झोपायचं, बोलावणं आलं की पेटी उचलायची. आमच्या शेजारच्या घरात पांढऱ्या कोटातला असा एक फोटो अजून भिंतीवर आहे. 1942 साली गेले, परत आले नाहीत. त्या घरातल्या सुनेच्या फोनवरही हा फॉरवर्ड गेलाय. मला जास्त राग आला तो याचा.

याच बंदरात छाप्यानंतर सात महिन्यांनी, ऑक्टोबर 1943 मध्ये काय झालं तेही लिहा ना. जपानची 'तेइआ मारू' आणि स्वीडनची 'ग्रिप्सहोम' या दोन बोटी मुरगावच्या धक्क्याला लागल्या. एकीत जपानच्या ताब्यातून सुटलेले अमेरिका खंडातले नागरिक, मिशनरी, बायका, मुलं. दुसरीत अमेरिकेतून परत निघालेले जपानी. दोन्हीकडचे सुमारे दीड-दीड हजार लोक इथे अदलाबदल होऊन आपापल्या घरी गेले. बंदर तटस्थ होतं म्हणूनच हे जमलं. मुरगावची युद्धातली एकच गोष्ट सांगायची असेल तर मी ही सांगेन.

बाकीचं लवकर आटोपते. जहाजं इंग्रजांनी उडवली नाहीत. एहरेनफेल्सवर झटापट झाली, कॅप्टन रोफर आणि काही खलाशी मारले गेले. पण शत्रूच्या हाती पडू नये म्हणून चारही जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली. स्फोटांची आतषबाजी सिनेमाची. रॉजर मूरबरोबरची ती सुंदर जर्मन हेर बाईही सिनेमाचीच. पदकं कुणालाही मिळाली नाहीत. तटस्थ देशाच्या बंदरात घुसल्याची कबुली देणं लंडनला परवडणारं नव्हतं, म्हणून 1978 मध्ये जेम्स लीझरचं 'बोर्डिंग पार्टी' येईपर्यंत प्रकरण दडपलेलंच होतं.

एहरेनफेल्सवरच्या ट्रान्समीटरमुळे जर्मन पाणबुड्यांना इंग्रजांच्या बोटींच्या बातम्या मिळत आणि म्हणून छापा घातला, हेही याच पुस्तकातून आलंय. त्यावरून "नंतर एकही बोट बुडाली नाही" असं म्हणणाऱ्याने तारखा बघाव्यात. मुंबईहून निघालेली 'तिलावा' 23 नोव्हेंबर 1942 ला बुडाली, 280 माणसं गेली. ती बुडवली जपानी पाणबुडीने. छाप्यानंतर 12 फेब्रुवारी 1944 ला मालदीवजवळ 'खेदिव इस्माईल' बुडाली, 1,297 जण गेले, तीही जपान्यांनीच. जर्मन पाणबुड्यांची 'मान्सून' टोळी तर या पाण्यात आलीच मुळी 1943 च्या उत्तरार्धात, छापा होऊन गेल्यावर.

भाच्याला हे सगळं रात्रीच लिहून पाठवलं. "मावशी, प्रकल्प उद्याच द्यायचाय," एवढंच उत्तर आलं. ते वाक्य त्याने खोडलं की नाही, हे विचारायला आज संध्याकाळी त्याच्या आईला फोन करणार आहे.